‘अनरेकग्नाइज्ड जेडेक आयडी बाइट्स’: एसपीआय नॉर फ्लॅश बदलल्यावर लिनक्समध्ये काय तपासायचं

लक्षण ठरलेलं असतं. बोर्ड तोच, फर्मवेअर तेच, पण नव्या लॉटमध्ये एसपीआय नॉर फ्लॅश चिप (एसपीआय या मोजक्या तारांच्या बसवर बोलणारी, फर्मवेअर साठवणारी मेमरी) दुसऱ्या कंपनीची आली. बूटलोडर कसाबसा चालतो, कर्नल (लिनक्सचा गाभा) वर येतो आणि रूट फाइल सिस्टिम माउंट करता येत नाही म्हणून पॅनिक होतो. लॉगमध्ये थोडं वर गेलं की ‘एसपीआय-नॉर एसपीआय०.०: अनरेकग्नाइज्ड जेडेक आयडी बाइट्स’ अशी ओळ दिसते आणि तिच्यापुढे काही हेक्स आकडे असतात. म्हणजे चिपने सांगितलेला ओळख क्रमांक, अर्थात जेडेक आयडी, कर्नलच्या तक्त्यात सापडला नाही.

यावर सर्रास केला जाणारा उपाय म्हणजे कर्नलमधला चिपचा तक्ता उघडायचा, त्यातल्या त्यात जवळची वाटणारी ओळ कॉपी करायची, आयडी आणि नाव बदलायचं. बोर्ड बूट होतो आणि काम झालं असं वाटतं. नंतर रीबूटला अडकणं, फक्त वाचता येणारं पार्टिशन, क्वाड मोडमध्ये (एकाच वेळी चार तारांवरून वाचताना) कचरा डेटा अशा तक्रारी येतात, त्यांतल्या बऱ्याचशा या कॉपी केलेल्या ओळीतल्या फ्लॅग्जमुळेच (चिपला काय जमतं ते कर्नलला सांगणाऱ्या खुणा) येतात. आयडी जुळवणं सोपं असतं. ओळीतला प्रत्येक फ्लॅग या चिपला खरंच लागू आहे का, हे पाहण्यात खरं काम आहे.

आधी आकडे नीट वाचा

लॉगमधले आकडे म्हणजे ९एफ या ओळख विचारणाऱ्या आदेशाला चिपने दिलेलं उत्तर. पहिला बाइट उत्पादकाचा, दुसरा चिपच्या मालिकेचा, तिसरा बहुधा क्षमतेचा. १६ एमबीच्या नेहमीच्या चिप्स अशा दिसतात: विनबाँडची डब्ल्यू२५क्यू१२८ म्हणजे ‘ईएफ ४० १८’, मॅक्रोनिक्सची एमएक्स२५एल१२८३५एफ म्हणजे ‘सी२ २० १८’, गिगाडिव्हाइसची जीडी२५क्यू१२८ म्हणजे ‘सी८ ४० १८’, आयएसएसआयची आयएस२५एलपी१२८ म्हणजे ‘९डी ६० १८’. हेक्स १८ म्हणजे दशमान २४, आणि २ चा २४ वा घात म्हणजे १६ एमबी. १९ म्हणजे ३२ एमबी. त्यापुढे मात्र हा नियम डोळे मिटून लावू नका. मॅक्रोनिक्सची ६४ एमबीची चिप तिसऱ्या बाइटमध्ये १ए सांगते, विनबाँडची त्याच क्षमतेची चिप २० सांगते. उत्पादकाच्या बाइटवरही आंधळा विश्वास नको. २० हा आकडा एसटी-मायक्रॉन परंपरेतल्या चिप्स देतात, तसाच एक्सएमसीच्या चिप्सही देतात.

तक्त्याला हात लावण्याआधी एवढं पाहा की आकडे खरोखर चिपकडून आलेत का.

सगळे ‘एफएफ’ आले तर चिप बोलतच नाही. चिप सिलेक्ट (चिप निवडणारी तार) चुकीचा, वीज नाही, किंवा होल्ड पिन तरंगती आहे आणि चिप थांबून राहिली आहे. होल्ड आणि राइट प्रोटेक्ट या पिनांना १० किलोओहमचे पुल-अप (पिन वर धरून ठेवणारे रेझिस्टर) आहेत का ते सर्किटच्या नकाशात बघा. वीज तोडून दिल्यावर आयडी येतो पण नुसत्या रीबूटनंतर ‘एफएफ’ येतात, असं असेल तर चिप क्यूपीआय किंवा ऑक्टल मोडमध्ये (आदेशही चार किंवा आठ तारांवर घेणाऱ्या) अडकलेली असू शकते. अशा वेळी ती एका तारेवरचा ९एफ ओळखत नाही. सगळे ‘००’ आले तर चिपकडून येणारी डेटा लाइन खाली ओढली गेली आहे, किंवा पिनमक्समध्ये (प्रोसेसरच्या पिनांची कामं ठरवणाऱ्या मांडणीत) ती पिन दुसऱ्याच कामाला लावलेली आहे.

सगळ्यात फसवा प्रकार म्हणजे आकडे खरे वाटतात, पण कुठल्याच कंपनीचे नसतात. ‘डीई ८० ३०’ घ्या. हे बाइनरीत मांडा आणि एक बिट उजवीकडे सरकवा, तर ‘ईएफ ४० १८’ हाती येतं, फक्त पहिला बिट हरवलेला आहे. म्हणजे कंट्रोलर एक घड्याळ उशिरा वाचतोय. उलट ‘७७ ए० ०सी’ किंवा ‘एफ७ ए० ०सी’ आलं तर तो एक बिट लवकर वाचतोय आणि आरंभीचा बिट हवेतला आहे. इथे तक्त्यात ‘डीई ८० ३०’ नावाची नवी चिप घातली तर बोर्ड ती ओळखेल आणि पुढचं प्रत्येक वाचन चुकीचं करेल. अशा पॅचची विनंती अधूनमधून दिसते, म्हणून हे ठळकपणे सांगावं लागतं. डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डवर काय कुठे जोडलंय ते कर्नलला सांगणाऱ्या फाइलमध्ये) ‘एसपीआय-मॅक्स-फ्रीक्वेन्सी’ १ मेगाहर्ट्झवर आणा. आकडे सुधारले तर वेळेचा प्रश्न आहे. मग कंट्रोलरला चालत असेल तर ‘आरएक्स-सॅम्पल-डिले-एनएस’ (वाचनाची वेळ किती नॅनोसेकंद सरकवायची) ठरवा, नाहीतर वेग मर्यादेत ठेवा. एसपीआयच्या घड्याळाचे मोड ० आणि मोड ३ सोडून दुसरा मोड लावला गेला नाही ना, हेही याच वेळी बघून घ्या.

आणखी एक. आकड्यांची सुरुवात ‘एफएफ ईएफ एए’ किंवा ‘०० ईएफ एए’ अशी असेल तर ती नॉर चिप नाहीच. विनबाँडची डब्ल्यू२५एन०१जीव्ही ही एसपीआय नँड आहे. ती ९एफनंतर आधी एक रिकामा बाइट घालते आणि मग ‘ईएफ एए २१’ देते. आठ पायांचं तेच पॅकेज, पण ड्रायव्हर वेगळा. डिव्हाइस ट्रीमध्ये ‘कंपॅटिबल’ला ‘एसपीआय-नँड’ लिहा, आणि नँडमध्ये बॅड ब्लॉक (खराब निघालेले भाग) असतात म्हणून वरची सगळी रचना यूबीआयवर (असे भाग सांभाळून घेणाऱ्या लिनक्सच्या थरावर) न्या. नॉरच्या तक्त्यात तिला जागा नाही.

चिप स्वतःबद्दल काय सांगते

आकडे खरे निघाले, तरी पुढची पायरी कर्नलचा तक्ता नव्हे. जेडेक या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या जेईएसडी२१६ मानकाप्रमाणे बनलेल्या चिपमध्ये एसएफडीपी नावाचा तक्ता असतो. ५ए आदेश, तीन बाइटचा पत्ता आणि ८ रिकामी घड्याळं दिली की चिप स्वतःची क्षमता, पुसण्याचे आकार, क्वाड चालू करायची पद्धत असं सगळं सांगते. हा तक्ता वाचायची सोय लिनक्समध्ये ४.१४ पासून आहे. ६ मालिकेतल्या कर्नलमध्ये ओळख न पटलेल्या पण एसएफडीपी असलेल्या चिपसाठी एक सर्वसाधारण ड्रायव्हरही आहे, त्यामुळे बऱ्याच नव्या चिप्सना तक्त्यात ओळ लागतच नाही. कर्नल बदलणं शक्य असेल तर पहिला उपाय तोच.

पण राउटर, कॅमेरे आणि मीटरचे बोर्ड प्रोसेसरच्या उत्पादकाच्या जुन्या एसडीकेवर (त्याने दिलेल्या सॉफ्टवेअर संचावर) अडकलेले असतात, तिथे ४.१४ किंवा ५.४ चाच कर्नल चालतो. त्यात एक खोच आहे. तक्त्यातल्या ओळीवर ड्युअल किंवा क्वाड वाचनाचा फ्लॅग असेल, तरच तो जुना कोड एसएफडीपी वाचायला जातो. साध्या ओळीला तो वाचतच नाही. नंतरच्या कर्नलमध्ये यासाठी ‘पार्स_एसएफडीपी’ असा स्वतंत्र फ्लॅग आला आणि आणखी पुढे तोही गेला. त्यामुळे एका कर्नलमधली ओळ जशीच्या तशी दुसऱ्यात चिकटवू नका.

चिप ओळखली गेलेल्या नव्या कर्नलवर एसएफडीपीची प्रत ‘/सिस/बस/एसपीआय/डिव्हाइसेस/एसपीआय०.०/एसपीआय-नॉर/एसएफडीपी’ इथे मिळते. हेक्सडंपमध्ये पहिले सोळा बाइट साधारण असे दिसतात:

५३ ४६ ४४ ५० ०५ ०१ ०० एफएफ
०० ०५ ०१ १० ८० ०० ०० एफएफ

पहिले चार बाइट म्हणजे ‘एसएफडीपी’ ही अक्षरं. ते दिसले नाहीत तर चिपमध्ये तक्ता नाही किंवा वाचन चुकतंय. पाचव्या बाइटमधला ०५ म्हणजे मानकाची ‘ए’ आवृत्ती, ०६ असता तर ‘बी’. दुसऱ्या ओळीतला १० म्हणजे मुख्य तक्ता १६ डीवर्डचा (चार-चार बाइटच्या गटांचा) आहे, आणि ८० म्हणजे तो त्या पत्त्यावर सुरू होतो. आता ८० वर जा आणि दुसरा डीवर्ड बघा, म्हणजे ८४ पासूनचे चार बाइट. ‘एफएफ एफएफ एफएफ ०७’ असेल तर उलट क्रमाने वाचून ०७एफएफएफएफएफएफ, त्यात १ मिळवला की १२८ मेगाबिट, म्हणजे १६ एमबी. शेवटचा बाइट ०एफ असेल तर ३२ एमबी. चिपवर छापलेली क्षमता आणि हा आकडा जुळला नाही तर माल परत पाठवा. ड्रायव्हर लिहून तो प्रश्न सुटणार नाही.

बोर्ड अजून बूटच होत नसेल तर चिप काढून फ्लॅशरॉम या साधनाने वाचता येते. फक्त सीएच३४१ए जातीचे स्वस्त प्रोग्रॅमर वापरताना मल्टिमीटर लावा. त्यांतले बरेच डेटा लाइनवर ५ व्होल्ट देतात. १.८ व्होल्टच्या चिपची, उदाहरणार्थ ‘ईएफ ६० १८’ सांगणाऱ्या विनबाँडची, तिथे धडगत नाही.

ओळ जोडताना

५.७ पासून प्रत्येक कंपनीची वेगळी फाइल आहे, ‘ड्रायव्हर्स/एमटीडी/एसपीआय-नॉर’ या फोल्डरमध्ये विनबाँड, मॅक्रोनिक्स वगैरे नावांनी. त्याआधी सगळ्या चिप्स एकाच ‘एसपीआय-नॉर.सी’मध्ये होत्या. जुन्या कर्नलमध्ये ओळीत आयडी, नाव, सेक्टरचा आकार, सेक्टरची संख्या आणि फ्लॅग्ज येतात. १६ एमबीला ६४ केबीचे २५६ सेक्टर, ३२ एमबीला ५१२.

सुरुवात कमीत कमी फ्लॅग्जने करा. एसएफडीपी चालत असेल तर क्षमता आणि वाचनाचे मोड तिथून येऊ द्या. लॉक, वरून-खालून संरक्षण, चार बाइटचे आदेश यांचे फ्लॅग डेटाशीटमध्ये ती गोष्ट डोळ्यांनी पाहिल्याशिवाय लावू नका. डिव्हाइस ट्रीमध्ये ‘कंपॅटिबल’ म्हणून ‘जेडेक,एसपीआय-नॉर’ एवढंच लिहा. तिथे चिपचं नाव घातलं की पुढच्या लॉटला हेच सगळं पुन्हा करावं लागतं.

यू-बूट या बूटलोडरचा तक्ता वेगळा असतो, ‘ड्रायव्हर्स/एमटीडी/एसपीआय/एसपीआय-नॉर-आयडीज.सी’मध्ये, आणि प्रत्येक कंपनीसाठी वेगळा कॉन्फिग पर्यायही असतो. कर्नल सुधारला पण यू-बूटमध्ये ‘एसएफ प्रोब’ (फ्लॅश शोधण्याचा आदेश) नापास, ही तक्रार नेहमी इथूनच येते.

ओळख पटल्यावरचे घोळ

*पार्टिशन फक्त वाचता येतं.* लॉगमध्ये ‘पार्टिशन इरेज ब्लॉकच्या सीमेवर सुरू होत नाही, फोर्स रीड-ओन्ली’ अशा अर्थाची ओळ दिसते आणि सेटिंग्ज साठवता येत नाहीत. जुन्या चिपच्या ओळीवर ‘सेक्ट_४के’ (४ केबीच्या तुकड्यांनी पुसण्याचा फ्लॅग) होता, नव्यावर नाही, किंवा उलट. पार्टिशन ०एक्स३एफ४००० वर सुरू होत असेल तर ४ केबीच्या हिशोबाने ते सीमेवर आहे, ६४ केबीच्या हिशोबाने नाही. लगेच ‘सेक्ट_४के’ लावून मोकळं होऊ नका, कारण त्याची दुसरी बाजू आहे. यूबीआयएफएस या फाइल सिस्टिमला किमान १५ केबीचा ब्लॉक लागतो, जेएफएफएस२ या दुसऱ्या फाइल सिस्टिमची प्रतिमा बनवणारं साधन ८ केबीखाली उतरत नाही. शिवाय वेळ: डब्ल्यू२५क्यू१२८जेव्हीला ४ केबी पुसायला साधारण ४५ मिलिसेकंद लागतात, सबंध ६४ केबीला साधारण १५०. तेच ६४ केबी ४-४ केबीने पुसायचे म्हटलं तर ७२० मिलिसेकंद, म्हणजे जवळजवळ पाचपट. आमचं मत असं, की पार्टिशनच्या सीमा ६४ केबीवर आणणं हा कायमचा उपाय. ग्राहकांकडे पोहोचलेल्या उपकरणांचा आराखडा बदलता येत नसेल तरच ४ केबीकडे वळा. आणि इरेजचा आकार बदललात की ‘/ईटीसी/एफडब्ल्यू_एन्व्ह.कॉन्फिग’मधला चौथा आकडाही बदला. तो सेक्टरचा आकार असतो. तो विसरला की यू-बूटचे व्हेरिएबल लिनक्समधून लिहिता येत नाहीत.

*आयडी बरोबर, डेटा कचरा.* आयडी एका तारेवर वाचला जातो, म्हणून क्वाडमध्ये चूक असली तरी तो बरोबर येतो. क्वाड वाचनाला चिपमधला क्वाड एनेबल बिट चालू असावा लागतो, आणि तो प्रत्येकाचा वेगळ्या जागी आहे: विनबाँडमध्ये दुसऱ्या स्टेटस रजिस्टरचा बिट १, मॅक्रोनिक्स आणि आयएसएसआयमध्ये पहिल्याचा बिट ६. विनबाँडमध्येच डब्ल्यू२५क्यू१२८जेव्हीचा ‘आयक्यू’ प्रकार हा बिट कारखान्यातून चालू करून येतो, तर ‘आयएम’ प्रकार बंद आणि आयडीही वेगळा, ‘ईएफ ७० १८’. निदान सोपं आहे. ‘एसपीआय-आरएक्स-बस-विड्थ’ ४ वरून १ करा. डेटा सुधारला तर बिट चुकलाय, किंवा आयओ२ आणि आयओ३ या तारा बोर्डवर जोडलेल्याच नाहीत.

*पुसलं म्हणतो, पण पुसलेलं नसतं.* आदेश यशस्वी, डेटा जसाच्या तसा. ब्लॉक प्रोटेक्ट बिट चालू आहेत. ‘फ्लॅश_अनलॉक’ चालवून बघा. तरीही नाही झालं तर राइट प्रोटेक्ट पिन खाली आहे का बघा.

*रीबूटला अडकतो, वीज तोडली की चालतो.* ३२ एमबी आणि त्यावरच्या चिप्सचा हा हमखास आजार, आणि प्रयोगशाळेत तो सापडत नाही, कारण तिथे जो तो वीज तोडूनच चालू करतो. तीन बाइटच्या पत्त्यात १६ एमबीच मावतात. त्यापलीकडे जायला दोन वाटा आहेत. एक, बी७ आदेशाने चिपला चार बाइटच्या मोडमध्ये टाकायचं. दुसरी, मोड न बदलता चार बाइटचे स्वतंत्र आदेश वापरायचे: वाचायला १३, लिहायला १२, ४ केबी पुसायला २१, ६४ केबी पुसायला डीसी. पहिल्या वाटेने गेलेल्या चिपवर बोर्ड रीसेट झाला आणि चिपची वीज तशीच राहिली, तर प्रोसेसरमधला पहिला कोड, म्हणजे बूटरॉम, तीन बाइटचा पत्ता देतो, चिप चौथ्याची वाट बघते, आणि बोर्ड तिथेच बसतो.

दुसरी वाट बरी, पण चिपला ते सगळे आदेश समजतात का हे आयडीवरून कळत नाही. डब्ल्यू२५क्यू२५६ची एफव्ही आणि जेव्ही ही दोन्ही रूपं ‘ईएफ ४० १९’च सांगतात. चार बाइटचे सगळे आदेश जेव्हीकडे आहेत, एफव्हीकडे नाहीत. मॅक्रोनिक्सच्या एमएक्स२५एल२५६३५ची ई आणि एफ ही रूपं तशीच ‘सी२ २० १९’ सांगतात. कर्नल विनबाँडमधला फरक एसएफडीपीच्या आवृत्तीवरून ओळखतो. तुमच्या ओळीत चार बाइटचा फ्लॅग सरसकट लावलात आणि गोदामातून जुनं रूप निघालं, तर वाचन चालेल आणि लेखन गुपचूप फसेल.

एफव्हीची आणखी एक खोड माहीत असावी. चार बाइटच्या मोडमधून बाहेर येताना तिचं एक्सटेंडेड अ‍ॅड्रेस रजिस्टर १ होऊन बसतं, म्हणजे पुढचं तीन बाइटचं प्रत्येक वाचन दुसऱ्या १६ एमबीतून होतं. विनबाँडच्या फाइलमध्ये त्यासाठी ते रजिस्टर शून्य करणारा कोड मुद्दाम घातलेला आहे. स्वतःच्या एसडीकेत जुना ड्रायव्हर असेल तर तो आहे का शोधा.

जुन्या रूपाशी निभावून न्यायचं असेल तर डिव्हाइस ट्रीमध्ये ‘ब्रोकन-फ्लॅश-रीसेट’ लिहा. मग कर्नल बंद होताना चिपला तीन बाइटवर परत आणतो. पण हे सरळ रीबूटपुरतं. वॉचडॉगने (बोर्ड अडकला तर रीसेट करणाऱ्या टायमरने) झटका दिला किंवा पॅनिक झाला तर ती संधीच मिळत नाही, आणि कर्नलही लॉगमध्ये तसा इशारा देतो. खरा उपाय हार्डवेअरचा: सोळा पायांच्या पॅकेजमधली रीसेट पिन बोर्डच्या रीसेटला जोडा, किंवा वॉचडॉगने फ्लॅशची वीजही तोडावी अशी रचना करा.

चाचणी

रिकाम्या पार्टिशनवर २ एमबीचा यादृच्छिक डेटा घ्या. ‘एमटीडी_डीबग’ने पुसा, वाचा, सगळे बाइट ‘एफएफ’ आहेत का बघा. मग लिहा, परत वाचा, दोन्ही फाइल्सचा एसएचए२५६ जुळवा. परत पुसून परत बघा. ३२ एमबीच्या चिपवर हे १६ एमबीच्या सीमेच्या अलीकडे आणि पलीकडे, दोन्हीकडे करा. पलीकडे लिहिलेलं अलीकडे उमटत असेल तर पत्त्याचा चौथा बाइट कुठेतरी गळतोय. शेवटी वॉचडॉग मुद्दाम सुटू द्या आणि बोर्ड स्वतःहून उठतो का ते पाहा.

पॅच (कोडमधला हा बदल) मूळ कर्नलला पाठवायचा असेल तर चाचणीचं हे आउटपुट, एसएफडीपीचा पूर्ण हेक्सडंप आणि डीबगएफएसमधल्या ‘/सिस/कर्नल/डीबग/एसपीआय-नॉर’ खालच्या ‘पॅराम्स’ आणि ‘कॅपॅबिलिटीज’ या दोन फाइल्स सोबत लागतात. सर्वसाधारण ड्रायव्हरने चिप नीट चालत असेल तर ओळ कशाला हवी, हा प्रश्न तिथे पहिलाच येतो. लॉक किंवा एसएफडीपीत नसलेलं दुसरं काही वैशिष्ट्य हवं असेल तर तसं पॅचच्या वर्णनात सरळ लिहा, आणि फक्त तेवढाच फ्लॅग ओळीत ठेवा.